१०० वॉटचा रेडिओ आणि ५ वॉट ड्राइव्हचा लिनियर: मध्ये किती डीबीचा पॅड घालावा?

कृष्णाकाठ_४०मी

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओ १०० वॉटचा आहे. लिनियर (रेडिओची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) घरी बांधलेला: दोन एमआरएफ३०० ट्रान्झिस्टर पुशपुलमध्ये, ५० व्होल्टचा सप्लाय, इनपुटला ९:१ ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक बँडला वेगळा लो पास फिल्टर. ४० मीटरवर ५ वॉट ड्राइव्हला (इनपुटच्या पॉवरला) ४०० वॉट मिळावेत असा हिशेब आहे, त्याच्या वर न्यायचं नाही.

रेडिओची पॉवर ५ टक्क्यांवर ठेवून थेट जोडलं तर चालेल का? काही जण म्हणतात मध्ये अटेन्युएटर, म्हणजे पॉवर कमी करणारा रेझिस्टरचा पॅड, हवाच. काही म्हणतात एएलसीची (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटची) वायर जोडली की काम झालं. पॅड लागणार असेल तर किती डीबीचा, रेझिस्टर कोणते घ्यायचे आणि तो नेमका कुठे बसवायचा? वापर बहुतेक एसएसबी (बोलणं), अधूनमधून एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड).

पायपॅड

थेट जोडू नका. ५ टक्के हे मेन्यूतलं सेटिंग आहे, रेडिओचे फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) १०० वॉटचेच राहतात. पॉवर कमी करण्याचं काम आत एएलसीचं सर्किट करतं आणि ते आउटपुट मोजल्यानंतरच गेन खाली ओढतं. पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून पहिला शब्द बोललात की लूप जागा होईपर्यंत काही मिलिसेकंद पॉवर सेटिंगच्या बरीच वर उसळू शकते. काही रेडिओंत ही उसळी पूर्ण १०० वॉटपर्यंत जाते. १०० वॉटच मागणाऱ्या ट्यूबच्या लिनियरला त्याने काही होत नाही. एलडीमॉसच्या, म्हणजे तुमच्या एमआरएफ३००सारख्या ट्रान्झिस्टरच्या, गेटला मात्र होतं.

आकड्यांत बघा. एमआरएफ३००च्या गेटची मर्यादा सोर्सच्या मानाने +१० आणि −६ व्होल्ट. ९:१ ट्रान्सफॉर्मरमुळे ५० ओहमचे गेट ते गेट ५.६ ओहम होतात असं धरू. बायस (गेटला कायम दिलेलं व्होल्टेज) सुमारे २.५ व्होल्ट. मग:

५ वॉट ड्राइव्ह: प्रत्येक गेटवर ३.७ व्होल्ट पीक. म्हणजे +६.२ ते −१.२. आरामात.
११ वॉट: ५.५ व्होल्ट पीक, +८ ते −३. अजून मर्यादेत.
२० वॉट: ७.५ व्होल्ट पीक, +१० ते −५. अगदी काठावर.
१०० वॉट: १६.७ व्होल्ट पीक, +१९ ते −१४. गेट गेलंच म्हणून समजा.

खरं गेट निव्वळ रेझिस्टर नसतं, त्यामुळे बँडनुसार आकडे थोडे हलतील, पण निर्णय घ्यायला एवढे पुरेत. आणि यातूनच पॅड किती हवा हे ठरतं: रेडिओने पूर्ण १०० वॉट ओकले तरी गेट मर्यादेत राहिलं पाहिजे. ७ डीबीच्या पॅडने १०० चे २० वॉट होतात, म्हणून तो कमी पडतो. साधारण १० डीबी हा किमान. रेडिओची पूर्ण पॉवर म्हणजेच लिनियरचा पूर्ण ड्राइव्ह अशी जोडी हवी असेल तर १२.५ डीबीच्या आसपास जा. एसएसबीसाठी मी तुम्हाला १२.५ च सुचवेन, कारण त्यात नॉब चुकून पूर्ण फिरला तरी लिनियर ओव्हरड्राइव्ह होत नाही.

पाय पॅडच्या (π आकारात जोडलेल्या तीन रेझिस्टरच्या) ओहमची मूल्यं, बाजारात सहज मिळणाऱ्या ३ वॉटच्या मेटल ऑक्साइड रेझिस्टरमधून:

रेडिओकडचा शंट (लाइन ते ग्राउंड): २ किलोओहमचे २४ समांतर = ८३.३ ओहम, एकूण क्षमता ७२ वॉट.
सीरिज: १.२ किलोओहमचे १२ समांतर = १०० ओहम, ३६ वॉट.
लिनियरकडचा शंट: ३३० ओहमचे ४ समांतर = ८२.५ ओहम, १२ वॉट.

१०० वॉट आत घातले की पहिल्या शंटमध्ये ६१ वॉट जळतात, सीरिजमध्ये जवळजवळ ३०, शेवटच्या शंटमध्ये ३.५, आणि लिनियरला ५.७ वॉट पोचतात. रेडिओला दिसणारा इंपिडन्स ५१ ओहम. पहिल्या शंटवर सगळ्यात जास्त भार येतो हे लक्षात ठेवा. तिन्ही ठिकाणी सारखेच रेझिस्टर लावले की तिथूनच धूर निघतो.

पांढरे सिमेंटचे वायरवाउंड रेझिस्टर अजिबात वापरू नका. आत तारेची गुंडाळी असते, तिचा इंडक्टन्स १० मीटरवर पॅडचं गणित मोडतो. मेटल ऑक्साइड दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये शिडीसारखे लावा, पाय जेवढे आखूड ठेवता येतील तेवढे ठेवा, मध्ये हवा खेळू द्या आणि वर १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे रेझिस्टर पट्टीने मागा, सुटे घेऊ नका. एकाच पट्टीतले असले की करंट सारखा वाटला जातो. हीट सिंकवर बसणारे फ्लँजचे जाड फिल्म रेझिस्टर मिळाले तर बांधणी सुटसुटीत होते, पण त्यांची वॉटची क्षमता फ्लँज थंड राहिला तरच खरी असते.

आता जागा. पॅड रेडिओ आणि लिनियरच्या मधल्या कोअॅक्सवर बाहेर लावलात तर रिसीव्ह करतानाही सिग्नल १२ डीबी खाली जाईल, आणि लिनियर बायपासमध्ये असताना अँटेनाला जेमतेम ५ वॉट मिळतील. म्हणून तो लिनियरच्या आत, इनपुटच्या टीआर (ट्रान्समिट-रिसीव्ह बदलणाऱ्या) रिलेनंतर आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी बसवा. लिनियर बोर्डवर इनपुटला आधीच २–३ डीबीचा पॅड असेल तर तो हिशेबात धरा, नाहीतर ४०० वॉट कधीच मिळणार नाहीत आणि कारण सापडायला आठवडा जाईल.

आणखी एक फायदा सांगतो. लिनियरच्या इनपुटचा एसडब्ल्यूआर (इंपिडन्स किती जुळत नाही त्याचं माप) २८ मेगाहर्ट्झवर कितीही बिघडला तरी १० डीबीच्या पॅडमागून रेडिओला तो १.२ च्या वर दिसत नाही. ६ डीबीच्या मागून १.७ पर्यंत दिसू शकतो, ३ डीबीच्या मागून ३ पर्यंत.

ओसिलो

पायपॅड यांच्याशी सहमत. बांधण्याआधी तुमचा रेडिओ किती उसळतो ते पाहून घ्या. एसडब्ल्यूआर मीटरवर हे दिसणार नाही. सुई किंवा आकडा हलेपर्यंत उसळी संपलेली असते, पीईपी (पीक पॉवर दाखवणारे) मीटरही त्यातले बरेचसे मंदच. ऑसिलोस्कोपच लागतो.

लिनियर बाजूला ठेवा. रेडिओ, टी कनेक्टर, ५० ओहमचा डमी लोड. टीवर १०× प्रोब. रेडिओ ५ वॉटवर. ५ वॉटला पीक २२ व्होल्ट येतं, १०० वॉटला ७१. ट्रिगर ३० व्होल्टवर लावा, मोड सिंगल, टाइमबेस ५ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन. दहा-पंधरा सेकंद शांत राहा, मग सीडब्ल्यूचा (मोर्सचा) एकच डिट (टिंब) द्या. स्कोप ट्रिगर झाला तर उसळी आहे, आणि तिची उंची समोरच दिसेल. मग एसएसबीवर तेच करा: पीटीटी दाबून जोरात "हॅलो" म्हणा. शांततेनंतरचा पहिला डिट आणि पहिलं अक्षर यांतच ती सापडते. सलग बोलत राहिलात तर एएलसी आधीच ओढलेला असतो, म्हणून काहीच दिसत नाही आणि उगाच निर्धास्त व्हायला होतं.

सगळे बँड तपासा. एकाच रेडिओत ८० मीटरला उसळी नगण्य आणि १५ मीटरला मोठी असं होऊ शकतं.

पॅड तयार झाल्यावर नॅनोव्हीएनएवर (छोट्या नेटवर्क अॅनालायझरवर) बघा: ३० मेगाहर्ट्झपर्यंत एस११ (परत येणारा सिग्नल) −२५ डीबीच्या खाली, एस२१ (पलीकडे जाणारा सिग्नल) −१२.४ च्या आसपास. वरच्या टोकाला एस११ चढत असेल तर रेझिस्टरचे पाय लांब राहिलेत.

कृष्णाकाठ_४०मी

दोघांचेही आभार, गेटचा हिशेब फार उपयोगी पडला. दोन शंका. लिनियरमध्ये ओव्हरड्राइव्ह ट्रिप आहे, तो इनपुट जास्त झालं की बायस आणि रिले दोन्ही तोडतो. मग १० डीबीवर भागेल का? आणि एफटी८ला रेडिओ सतत १०० वॉटवर चालवायचा म्हणजे तोच तापणार, त्याचं काय?

खारघर_डीएक्स

ट्रिपचं आधी. बायस तोडल्याने गेट वाचत नाही. बायस शून्य झाला तरी आरएफ ट्रान्सफॉर्मरमधून गेटवर येतंच राहतो, ट्रान्झिस्टर फक्त क्लास सीमध्ये जातो. रिले सुटायला काही मिलिसेकंद लागतात आणि तोवर उसळी होऊन गेलेली असते. ट्रिप ठेवाच, पण तो लांब चाललेल्या चुकांसाठी: नॉब पूर्ण फिरला, चुकीचा फिल्टर निवडला गेला, अँटेना सुटली. पहिल्या मिलिसेकंदासाठी रेझिस्टरशिवाय उपाय नाही.

एएलसीच्या वायरचंही तेच. लिनियरकडून रेडिओला जाणारं निगेटिव्ह व्होल्टेज, बहुतेक रेडिओंत ० ते −४ व्होल्टच्या पट्ट्यात, हे त्याच मंद लूपला आणखी एक धागा जोडतं. जोडायची असेल तर ती नेहमीच्या बोलण्यात अजिबात कामाला लागणार नाही अशा बेताने सेट करा. ड्राइव्ह ठरवण्यासाठी ती वापरली की रेडिओचा एएलसी आणि लिनियरचा एएलसी एकमेकांशी झगडतात, आणि आवाज शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो.

एफटी८साठी तुमची चिंता योग्य आहे. १२.४ डीबीच्या पॅडवर रेडिओ ६० वॉटला ठेवा, लिनियरला ३.४ वॉट मिळतील. एफटी८ला तेवढं पुष्कळ आहे, लिनियरलाही पंधरा सेकंदांच्या पाळीत विश्रांती कमीच मिळते. तरीही रेडिओ गरम वाटत असेल तर ९.७ डीबी करा: शंट १००, सीरिज ६८, शंट १००. रेझिस्टर याच प्रकारे: २ किलोओहमचे २०, ८२० ओहमचे १२, ३९० ओहमचे ४. मग ४५ वॉटला ४.८ वॉट ड्राइव्ह येतो आणि उसळी १०० वॉटची झाली तरी लिनियरला ११ वॉटच पोचतात, म्हणजे वरच्या हिशेबात गेट +८ व्होल्टवर. गेट वाचतं. मात्र त्या क्षणी लिनियर सपाट होतो (आउटपुट वाढायचं थांबतं) आणि दर ओव्हरच्या (बोलण्याच्या पाळीच्या) सुरुवातीला बँडवर एक टक् असा आवाज जातो. म्हणून माझंही मत १२.५ कडेच झुकतं. शेजाऱ्यांना तो टक् ऐकवायचा कशाला?

एक चूक फार जण करतात: पॉवरचा नॉब १०० वर आणि मायक गेन खाली ओढून "पॉवर कमी केली" म्हणतात. आवाज चढला, खोकला आला की पूर्ण पॉवर जाते. पॉवर नॉबने ठरवा, आणि मायक गेन एवढाच ठेवा की एएलसीचा मीटर बोलताना जेमतेम हलेल. एफटी८ला ऑडिओ असा ठेवा की एएलसी हलणारच नाही.

पायपॅड

खारघरकर ओएमनी (हॅम मित्राने) बरोबर सांगितलं. आता शेवटचा टप्पा, बँडनिहाय ड्राइव्ह ठरवण्याचा, कारण पॅड एक असला तरी लिनियरचा गेन सगळीकडे सारखा नसतो. खालच्या बँडला जास्त, १० मीटरला कमी.

लिनियरच्या आउटपुटला पुरेशा क्षमतेचा डमी लोड. सीडब्ल्यू कॅरियर दोन-तीन सेकंदच. रेडिओ २० वॉट, मग ४०, मग ८०. प्रत्येक वेळी आउटपुट आणि ड्रेनचा करंट लिहून ठेवा. ड्राइव्ह दुप्पट झाला की आउटपुट दुप्पट व्हायला हवं. दुप्पट ड्राइव्हला १.६ पटच मिळालं तर गेन १ डीबीने पडलाय, लिनियर दबायला लागलाय. तिथून मागे या आणि तो आकडा त्या बँडची कमाल म्हणून लिनियरवर चिकटवा. ४०० वॉटला ५० व्होल्टवर १४ अँपिअरच्या आसपास करंट दिसला तर कार्यक्षमता ५७ टक्के, ठीक. करंट वाढतोय पण आउटपुट वाढत नाही असं दिसलं तर ड्राइव्हला दोष देण्याआधी सप्लायचं व्होल्टेज बघा. भाराखाली ५० चे ४५ झाले तरी आउटपुट असंच सपाट होतं.

आणि पीटीटी. तुमच्या लिनियरच्या रिलेला बसायला १०–१५ मिलिसेकंद लागत असतील तर रेडिओच्या मेन्यूत टीएक्स डिले २० किंवा २५ करा. रिले बसायच्या आधी आरएफ आला तर कॉन्टॅक्ट जळतात, आणि त्या क्षणी रेडिओला उघडी लाइन दिसते.

जुना_ट्यूबवाला

याच्या उलट प्रश्न इथे वारंवार येतो, म्हणून थोडक्यात लिहितो. ५ किंवा १० वॉटचा पोर्टेबल रेडिओ ८११ए किंवा ५७२बी ट्यूबच्या ग्राउंडेड ग्रिड लिनियरला जोडला तर काही जळणार नाही, पण फारसं काही मिळणारही नाही. त्या रचनेचा गेन बहुधा १० डीबीच्या आसपास, म्हणजे १० वॉटला १०० वॉट, आणि फिलामेंट तापवायला लागणारी वीज वेगळी. अमेरिकेत विकायच्या अँप्लिफायरवर १५ डीबी गेनची मर्यादा घातलेली होती, तिथल्या बहुतेक लिनियरना ५० वॉटच्या वर ड्राइव्ह लागायचं हेही एक कारण. अशा लिनियरवर पॅड लावू नका, त्याला रेडिओचे सगळे वॉट हवे असतात. छोट्या रेडिओला मोठा ट्यूब लिनियर चालवायचाच असेल तर मध्ये ५०–६० वॉटची ड्रायव्हर स्टेज घाला, तिच्या आउटपुटला स्वतःचा लो पास फिल्टर हवा, आणि तिचा रिले मोठ्या लिनियरच्या रिलेनंतर बसेल असा क्रम लावा.

कृष्णाकाठ_४०मी

१२.४ डीबीचाच बांधतो, टीआर रिलेनंतर. आधी ओसिलो यांच्या पद्धतीने सगळ्या बँडवर उसळी मोजतो आणि आकडे इथे टाकतो. ७३ (शुभेच्छा).