शाळेत 16 कॅमेरे बसले, पण ते कामाचे आहेत का? तपासायचं कसं?

समिती सदस्य: शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे करणाऱ्या महाराष्ट्राच्या ऑगस्ट 2024च्या शासन निर्णयानंतर शाळेत 16 कॅमेरे लागले. दोन मजले, दोन फाटकं. कागदावर सगळं पूर्ण आहे. प्रत्यक्ष तपासणी कुठून सुरू करावी?

सीसीटीव्ही तंत्रज्ञ: कॅमेरे मोजू नका, फुटेज मागा. ‘बारा दिवसांपूर्वी, सकाळी 11 वाजता, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा पॅसेज’ असं नेमकं सांगून तिथल्या तिथे काढायला लावा. बहुतेकदा इथेच अडतं. पासवर्ड फक्त बसवणाऱ्याकडे असतो, रेकॉर्डरचं घड्याळ चुकलेलं असतं, नाहीतर जुनं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलेलं असतं. हिशोब सोपा आहे: 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसवर (सेकंदाला 2 मेगाबिट) दिवसाला साधारण 21 जीबी जागा खातो. 16 कॅमेऱ्यांचे 30 दिवस म्हणजे 10 टीबी. आत 2 टीबीची डिस्क असेल तर सहा दिवसही पुरत नाही. त्याच शासन निर्णयानुसार मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज पाहायचं आहे, त्याची सहीची वही आहे का तेही बघा.

फाटकावर सर्रास 2.8 मिमीची लेन्स लावतात. दृश्य रुंद येतं, पण तीन-साडेतीन मीटरपलीकडचा चेहरा खात्रीने ओळखता येत नाही. तिथे 6 मिमी घ्या (दृश्य अरुंद, पण लांबचा चेहरा मोठा दिसतो) आणि कॅमेरा फार उंच लावू नका, नुसते डोक्याचे केस दिसतात.

समिती सदस्य: आणि मागचं फाटक? शाळा भरली की त्याला कुलूप असतं.

अग्निसुरक्षा प्रशिक्षक: हे कुलूप मला कॅमेऱ्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या आगीत 94 मुलं गेली. गवती छप्पर आणि बाहेर पडायला अरुंद जिना. बाहेरच्याला अडवणारं फाटक आतल्यांना कोंडणारं नको. बाहेरून उघडणार नाही, पण आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी बसवा. मग न सांगता घंटा वाजवून मैदानात हजेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ मोजा. एकदा मुख्य जिना मुद्दाम बंद ठेवून मोजा, खरा दोष तेव्हाच कळतो.

पालक प्रतिनिधी: मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं सामान उतरतं तेव्हा मागच्या फाटकावर कोण असतं, हेही बघा. शिवाय मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीने, रखवालदार ओळखत नाही अशा माणसाला ‘मुलाला न्यायला आलोय’ म्हणून पाठवा. नोंदवहीत नाव लिहून घेऊन सरळ आत सोडलं, तर ती वही निरुपयोगी. वर्गशिक्षकांना निरोप जाऊन पालकांच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन होईपर्यंत मूल वर्गातच थांबायला हवं.