मुंबईच्या संस्थेचे वैश्विक किरण: खाण आणि डोंगर

एकांनी विचारलंय, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बसून वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काय संशोधन होणार? अहो, मुंबईत बसून नाहीच झालं! भौतिकशास्त्रज्ञ बी. व्ही. श्रीकांतन यांचंच बघा. १९४८ मध्ये ते या संस्थेत होमी भाभांकडे रुजू झाले आणि लवकरच कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. वैश्विक किरण हवेवर आदळून बरेच कण तयार होतात; वरच्या खडकात बाकीचे कण अडतात, म्युऑन हे विद्युतभारित कण मात्र खोलवर पोचतात. जितकं खोल जाल तितके जास्त ऊर्जेचेच उरतात. १९६५ मध्ये याच खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या (खडकातूनही सहज आरपार जाणाऱ्या भाररहित कणांच्या) खुणा सापडल्या. त्या ओळखल्या दिशेवरून: वरून येणारे म्युऑन इतक्या खाली जवळपास संपतात, म्हणून आडवा आलेला म्युऑन दिसला की तो आसपासच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला. मला तरी हा भारतीय भौतिकशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

पुढे १९७५ ते ८७ श्रीकांतन टीआयएफआरचे संचालक होते. उटीच्या डोंगरावरचं कामही त्याच परंपरेतलं. तिथे हवेत तयार झालेल्या कणांचा वर्षाव पसरून येतो, म्हणून शोधकही पसरून मांडावे लागतात. तिथल्याच ग्रेप्स-३ या शोधकांच्या संचाने १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगातला १.३ अब्ज व्होल्टचा विद्युतदाब म्युऑनच्या घटलेल्या संख्येवरून मोजला.