क्रिस क्रिस्टोफरसन: सिनेमाने गीतकार खाल्ला का?

जुनी तबकडी
गायक, गीतकार, नट ही तीन बिरुदं क्रिस क्रिस्टोफरसन यांच्या नावापुढे एका दमात लावली जातात. २८ सप्टेंबर २०२४ला ते ८८व्या वर्षी गेले, तेव्हाही तसंच झालं. माझं म्हणणं असं की यातल्या तिसऱ्या बिरुदाची किंमत मधल्याने मोजली.

तारखा लावून बघा. 'मी अँड बॉबी मॅगी' पहिल्यांदा रॉजर मिलरने गायलं, १९६९ साली. 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' त्याच वर्षी रे स्टीव्हन्सने, आणि १९७० मध्ये जॉनी कॅशने. 'फॉर द गुड टाइम्स' रे प्राइसच्या आवाजात १९७० मध्ये कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' सॅमी स्मिथच्या आवाजात १९७१च्या सुरुवातीला पहिलं. मुख्य भूमिकेतला त्यांचा पहिला चित्रपट 'सिस्को पाइक' आला १९७२ मध्ये. त्यानंतर या चार गाण्यांच्या शेजारी मांडता येईल असं एकच गाणं सापडतं, 'व्हाय मी'. १९७३ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि एकट्याच्या नावावर त्यांचं तेवढंच एक गाणं तिथे पोहोचलं. १९७३ ते १९८१ या काळात चित्रपट मात्र दहाहून जास्त.

पाच वर्षं खपून उभा केलेला गीतकार कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि आटला.

पेडल स्टील
जुनी तबकडी, तारखा बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही दिलेल्या तारखा रेकॉर्ड निघाल्याच्या आहेत, लिहिल्याच्या नाहीत. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक सोडून १९६५ मध्ये ते कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आले. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट केली, लुइझियानात समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने माणसं नेली-आणली. या सगळ्या काळातली गाणी साठून राहिलेली होती. १९७० आणि १९७१च्या दोन अल्बमनी त्या साठ्याचा मोठा भाग उपसला. तिसरा अल्बम 'बॉर्डर लॉर्ड', १९७२चा. त्यासाठी नवी गाणी घाईने लिहावी लागली आणि समीक्षकांनी तो झोडपला. तोवर ते पडद्यावर नुकतेच आले होते. म्हणजे खळ सिनेमाच्या आधी पडलाय.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाळणी गेली. नॅशव्हिलची रीत अशी: गीतकार प्रकाशन कंपनीकडे गाणं देतो, कंपनी गिटार आणि आवाज एवढ्यावर डेमो, म्हणजे नमुन्याचं ध्वनिमुद्रण, करते, मग तो डेमो निर्मात्यांकडे फिरतो. स्टुडिओचं एक सेशन तीन तासांचं आणि त्यात तीन-चार गाणी उरकायची, त्यामुळे निर्माता दहा ऐकून एक घेतो. पडेल गाणं डेमोतच मरतं. क्रिस्टोफरसन स्वतः अल्बम करू लागल्यावर लिहिलेलं सगळं थेट तबकडीवर जाऊ लागलं, दर वर्षी दहा-अकरा गाणी. कमकुवत गाणी आधीही लिहिली जात असणार. ती आपल्या कानांवर येत नव्हती, एवढंच.

रीळ नंबर सहा
मला तर गाडी उलटी जोडलेली दिसते. सिनेमाने गीतकार खाल्ला म्हणताना हे विसरलं जातं की त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं सिनेमातूनच निघालं. 'मॅगी'चं शीर्षक निर्माते फ्रेड फॉस्टरने फोनवर सुचवलं होतं. नाव होतं मॅकी, एका सेक्रेटरीचं आडनाव, आणि ते 'मॅगी' असं ऐकू आलं. पुढे बरेच दिवस गाणं हाती लागेना. शेवटी सूत्र सापडलं ते इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला स्त्राडा' या चित्रपटाच्या शेवटात: सोबतीणीला सोडून दिलेला माणूस, मोकळाही आणि उद्ध्वस्तही. हे क्रिस्टोफरसन यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. गाण्यातला मोकळेपणाचा तो प्रसिद्ध कडवट अर्थ तिथला आहे. दोन माणसांचा प्रवास, गावांची नावं, पाऊस, ट्रक, शेवटी एकटेपणा अशी त्याची बांधणीही पटकथेची आहे.

जुनी तबकडी
सिनेमा पाहणं वेगळं आणि सिनेमात दिवस घालवणं वेगळं. 'ला स्त्राडा' पाहायला एक संध्याकाळ जाते. 'हेवन्स गेट' या त्यांच्या चित्रपटाचं काम १९७९च्या एप्रिलपासून माँटानात सुरू झालं आणि पुढच्या वर्षापर्यंत लांबलं. दिग्दर्शक मायकेल चिमिनो एकेका शॉटचे डझनावारी टेक घ्यायचा. नट त्या काळात मोकळा नसतो आणि कामातही नसतो. मेकअप करून, पोशाख चढवून, प्रकाश जमेपर्यंत बसून राहायचं. गाणं सुचायला लागणारी रिकामी वेळ ही नव्हे, कारण कोणत्याही क्षणी हाक येते आणि दोन तासांपूर्वी सोडलेल्या भावनेच्या त्याच टोकावर परत जावं लागतं.

'अ स्टार इज बॉर्न' (१९७६) घ्या. नायक म्हणून त्यांचा सर्वांत मोठा व्यावसायिक चित्रपट, त्यासाठी गोल्डन ग्लोब, साउंडट्रॅक बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पहिला. पडद्यावर ते ओसरत्या रॉक गायकाच्या भूमिकेत आहेत आणि गातात ती बरीचशी गाणी पॉल विल्यम्स व केनी अ‍ॅशर यांची. त्यांचं स्वतःचं एकही नाही! देशातल्या उत्तम गीतकारांपैकी एकाला गायकाची भूमिका द्यायची आणि गाणी दुसऱ्याची. माझ्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा काय हवा?

रीळ नंबर सहा
तो पुरावा नटाच्या बाजूने जातो. त्या चित्रपटातल्या बऱ्याच गाण्यांचं ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी झालंय. ते किती अवघड असतं ते पाहा. नेहमीच्या पद्धतीत गाणं आधी स्टुडिओत होतं आणि सेटवर नट ओठ हलवतो. टेक कितीही घ्या, लय तीच, त्यामुळे तिसऱ्या टेकचा जवळचा शॉट नवव्या टेकच्या लांबच्या शॉटला बिनदिक्कत जोडता येतो. प्रत्यक्ष गायलं की प्रत्येक टेकची लय केसभर बदलते, श्वास वेगळ्या जागी पडतो आणि संकलनात सांधा दिसतो. उपाय एकच, अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवायचे आणि अख्खं गाणं सलग घ्यायचं. अ‍ॅरिझोनातल्या टेंपीच्या स्टेडियममध्ये हजारोंच्या गर्दीसमोर ते झालं. ज्याला रंगमंचावर उभं राहण्याची सवय नाही त्याचा तिथे निभाव लागत नाही.

आणि त्यांचा आवाज. पल्ला लहान, खर्जातला, खरखरीत. गायक म्हणून ती मर्यादा, पण कॅमेऱ्यासमोर तोच आवाज भांडवल. मायक्रोफोन हातभर अंतरावर असताना हळू बोलणारा माणूस खरा वाटतो. गाण्यातही ते शब्द लांबवत नाहीत, बोलता बोलता सुरावर टेकतात. 'अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर'मधला (१९७४) पशुपालक डेव्हिड असाच उभा राहिलाय. एलेन बर्स्टिनला त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. तिला आदळायला समोर स्थिर भिंत हवी होती, ती त्यांनी दिली.

खर्जातला
डेव्हिडबद्दल सहमत. पण सरसकट कौतुक नको. सॅम पेकिनपाच्या 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'मध्ये (१९७३) ते बिली झाले. खरा बिली २१व्या वर्षी मारला गेला, हे तेव्हा ३६चे. पोरसवदा गुंडाचा उतावळेपणा त्यांच्या अंगात येतच नाही. आधीच सगळं कळून चुकल्यासारखे हसत राहतात. पेकिनपाला दमलेला बिली हवा होता असं समर्थन करता येईल. तरी जेम्स कोबर्नचा शेरीफ गॅरेट समोर आला की कोण नट आणि कोण पाहुणा हे दिसतं. स्थिरपणा हे एकच हत्यार असलेला नट दुसराही स्थिर असेल तेव्हा उघडा पडतो.

पेडल स्टील
आता पैशाचं बोलू, कारण 'सिनेमाकडे का गेले' याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

१९०९च्या कायद्यानुसार रेकॉर्डच्या एका प्रतीमागे एका गाण्याला २ सेंट मिळायचे. हा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच राहिला आणि १९७८ पासून २.७५ सेंट झाला. दहा लाख प्रती खपल्या तर गाण्याचे २०,००० डॉलर. नेहमीच्या कराराने निम्मे प्रकाशकाला, गीतकाराच्या हाती १०,०००. 'मॅगी'वर फॉस्टरचंही नाव आहे, म्हणजे समान वाटणी धरली तर ५,०००. वर रेडिओचं मानधन. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. जॅनिस जॉप्लिनचं 'मॅगी' तिच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि रेडिओवर वाजत राहिलं, तेव्हा पैसे क्रिस्टोफरसन आणि फॉस्टर यांच्याकडे गेले.

हे उत्पन्न थेंबथेंब येतं, उशिरा येतं, पण कित्येक वर्षं येत राहतं. चित्रपटाचं मानधन एकदाच, मोठं आणि ठरलेल्या तारखेला. पहिल्यामुळे पोटाची चिंता मिटली म्हणूनच दुसऱ्यात वाटेल तो दिग्दर्शक निवडायची मोकळीक आली. पेकिनपाबरोबर तीन चित्रपट, स्कॉर्सेसी, चिमिनो. निव्वळ पैशासाठी निघालेला माणूस ही नावं घेत नाही.

जुनी तबकडी
हिशोब मान्य. पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. उत्पन्नासाठी नवं गाणं लिहिण्याची निकड संपली. ती जागा सिनेमाने भरली नसती तर निदान कंटाळ्याने तरी पेन हातात आलं असतं.

मध्यमसूर
'हेवन्स गेट'चा हिशोब अजून कोणी पुरता मांडला नाही. सुरुवातीचा अंदाज सव्वा कोटी डॉलरच्या आत, अखेर सुमारे ४ कोटी ४० लाख. नोव्हेंबर १९८० मध्ये २१९ मिनिटांचा चित्रपट न्यूयॉर्कला लागला आणि लगेच उतरवला. एप्रिल १९८१ मध्ये १४९ मिनिटांचा करून परत लावला, पण अमेरिकेत कमाई ३५ लाखांच्या आसपासच राहिली. त्याच वर्षी हा चित्रपट काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी एमजीएम या दुसऱ्या चित्रपट कंपनीला विकली गेली. मुख्य नट म्हणून क्रिस्टोफरसन यांचा भाव तिथे संपला.

जुनी तबकडी यांचं गृहीतक खरं असेल तर इथून पुढे गाण्यांना पूर यायला हवा होता. सिनेमा आटला, वेळ मोकळा झाला. प्रत्यक्षात १९८१च्या 'टू द बोन'नंतर एकट्याचा अल्बम थेट १९८६ मध्ये. मध्ये 'साँगरायटर' (१९८४) हा विली नेल्सनबरोबरचा चित्रपट आला, आणि त्यातल्या गाण्यांसाठी ऑस्कर नामांकन मिळालं ते क्रिस्टोफरसन यांनाच. म्हणजे रिकाम्या वर्षांत त्यांना लिहितं केलं कोणी? सिनेमानेच.

जुनी तबकडी
हे उत्तर मला अडचणीचं आहे, कबूल करतो. 'साँगरायटर' मी मोजलाच नव्हता. तरी १९८५चा हायवेमेन हा गायकांचा गट बघा: कॅश, वेलन जेनिंग्ज, नेल्सन आणि हे. चौघांचं नाव ज्या गाण्याने पहिल्या क्रमांकावर नेलं ते जिमी वेब या दुसऱ्याच गीतकाराचं. आणि १९९९ मध्ये 'ऑस्टिन सेशन्स' काढला तेव्हा परत 'मॅगी', 'संडे मॉर्निंग', 'हेल्प मी'. तीस वर्षांनी तीच शिदोरी.

खर्जातला
तीच शिदोरी, पण आवाज तो नाही. १९७०च्या अल्बमवर ते सुरापर्यंत पोहोचायला धडपडतात, वाद्यमेळ त्यांना झाकतो. १९९९ मध्ये सूर आणखी खाली गेलाय आणि धडपड थांबलीय. मधली वर्षं पडद्यावर बोलण्यात गेली, त्याचा हा फायदा आहे असं मला वाटतं. वाक्य कुठे सोडायचं हे नट शिकतो.

'लोन स्टार' (१९९६) पाहिला नसेल तर पाहा. जॉन सेल्स वर्तमानातल्या टेबलावरून कॅमेरा फिरवतो आणि कट न करता १९५७ मध्ये पोहोचतो. तिथे शेरीफ चार्ली वेड बसलेला असतो, लाच घेणारा, माणसं मारणारा. मोजके प्रसंग, तरी अख्खा चित्रपट त्याच्या भीतीवर उभा आहे. बिली द किडमध्ये कमी पडलेला स्थिरपणा इथे दहशत होतो, कारण समोरचे सगळे थरथरतायत. दोन वर्षांनी जेम्स आयव्हरीने त्यांना 'अ सोल्जर्स डॉटर नेव्हर क्राइज'मध्ये लेखक-बापाची मध्यवर्ती भूमिका दिली. निर्माते आपल्या मुंबईचे इस्माइल मर्चंट. त्याच वर्षी 'ब्लेड'मधला शस्त्रं घडवणारा व्हिसलर. पाळणारा बाप आणि पिशाच्चांचा शिकारी एकाच वर्षी, हा पल्ला गाण्यात त्यांना कधी मिळाला नव्हता.

पेडल स्टील
आणि लेखणी परत आली ती २००६ मध्ये. 'धिस ओल्ड रोड', निर्माता डॉन वॉज. गिटार, हार्मोनिका आणि जेमतेम साथ. साठच्या दशकातल्या डेमोचीच रचना. तंतुवाद्यांचा ताफा नाही की वर्षाला एक अल्बम द्यायचा तगादा नाही. जुनी तबकडी, एक करून पाहा: 'फॉर द गुड टाइम्स' आधी रे प्राइसचं ऐका, मागे व्हायोलिनचा थर असलेलं. मग क्रिस्टोफरसन यांचं ऐका. त्यानंतर २००६चा हा अल्बम लावा. आधीच्या दोन्हींपेक्षा त्यांचा खरा सूर मला तिसऱ्यात सापडतो, आणि तेव्हा ते ६९ वर्षांचे होते.

जुनी तबकडी
ऐकतो. पण 'बॉर्डर लॉर्ड' ते 'टू द बोन' ही दहा वर्षं मी सिनेमाच्याच नावे लिहिणार. 'साँगरायटर' तेवढा वजा करून.