मदत हवी आहे: पीसीसाठी मोठी केस (कॅबिनेट) सुचवा, कार्ड बसत नाहीये!

रात्रपाळी
नवीन गेमिंग पीसी जोडतोय. प्रोसेसर बसला, रॅम बसली, शेवटी ग्राफिक्स कार्डापाशी घोडं अडलं. केसच्या माहितीत "३८० मिमीपर्यंतचं कार्ड बसेल" असं स्वच्छ लिहिलंय. माझं ३४० मिमी. तरी सेंटीमीटरभर अडतंय. केस शनिवारपर्यंत परत करता येते, म्हणून मोठ्यात मोठी आणि हवा खेळती राहील अशी केस सांगा. दोन दिवस झाले, सगळा पसारा जमिनीवर पडलाय.

स्क्रू_हरवला
कार्ड कुठलं? मदरबोर्ड? कूलर? आत्ताची केस कुठली? की आम्ही पत्रिका मांडून ओळखायचं?

रात्रपाळी
कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९०, तीन पंख्यांचं. बोर्ड नेहमीच्या एटीएक्स मापाचा. कूलर पाण्याचा. केस मिड टॉवर, म्हणजे मध्यम आकाराची आहे, पण ती मी परतच करणार आहे, तिचं नाव घेऊन काय करायचंय?

शून्य_डेसिबल
पाण्याचा कूलर काढा आणि नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा एअर कूलर लावा. पंप नाही, नळ्या नाहीत, गळती नाही. उंची १६५ मिमी आहे, तेवढी बघून घ्या. मी कित्येक वर्षं वापरतोय, वर्षातून एकदा ब्रश मारतो, बस.

रात्रपाळी
कूलर आणलाय, लावलाय. केस विचारतोय.

स्क्रू_हरवला
लावलाय तो कुठे? पुढे? त्याचा रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी जाळी, केवढा?

रात्रपाळी
पुढेच. ३६० मिमीचा. का?

स्क्रू_हरवला
तिथेच माशी शिंकली की! ते ३८० मिमी पुढची बाजू मोकळी असतानाचं असणार. रेडिएटरची जाडी साधारण २७ मिमी, त्यावर पंखे २५. झाले ५२. उरले ३२८, आणि तुमचं कार्ड ३४०. हाच तुमचा सेंटीमीटर, वर दोन मिमी. रेडिएटर वर लावा, केस बदलायची गरजच नाही.

रात्रपाळी
अरेच्चा. पण वर २८० पर्यंतचाच लागतो, आत्ता पुस्तिकेत बघितलं. म्हणजे केस बदलणं आलंच.

हत्ती_टॉवर
कोर्सेअर ७०००डी एअरफ्लो. डोळे मिटून घ्या. कार्डाला ४५० मिमी जागा, ३६० चा रेडिएटर वर आरामात बसतो. आत हात घालून काम करताना कोपर आपटत नाही. हे सुख ज्याला माहीत त्यालाच माहीत.

झुळूक
हवाच पाहिजे तर फ्रॅक्टलची टोरेंट. पुढे १८० मिमीचे दोन पंखे, संथ फिरतात, आवाज कमी. ७०००डी म्हणजे कपाट आहे.

हत्ती_टॉवर
टोरेंटमध्ये पॉवर सप्लाय वर असतो, त्यामुळे रेडिएटर वर लागत नाही. पुढे लावायचा तर तेच १८० चे पंखे काढायचे. ज्यांच्यासाठी केस घ्यायची तेच खोक्यात ठेवायचे! छान.

झुळूक
खालीही लावता येतो. पण तुम्हाला कपाटच हवंय.

शून्य_डेसिबल
खाली लावला तर पंप रेडिएटरच्या वर येतो आणि हवेचे बुडबुडे पंपात साठतात. एअर कूलर घेतला असता तर ही चर्चाच झाली नसती.

जुनाट_पेंटियम
या सगळ्यांत सीडी ड्राइव्ह कुठे बसवायचा? आमच्या वेळी पांढरी पत्र्याची केस असायची, कडांनी बोटं कापायची, पण समोर ५.२५ इंची चार खण! आता नुसती काच. काच बघून मशीन पळतं का?

रात्रपाळी
काका, सीडी नाहीये माझ्याकडे. ७०००डी ची उंची किती? माझ्या टेबलाला सीपीयूसाठी कप्पा आहे, ५० सेंमी उंच, २८ रुंद.

स्क्रू_हरवला
आता सांगताय! "मोठ्यात मोठी" म्हणालात आणि कप्पा खिशात ठेवलात. ७०००डी ६०० मिमी उंच. टोरेंट ५४४. दोन्ही बाद.

काचमहाल
मग लियान लीची ओ११ डायनॅमिक इव्हो. उंची ४५९. रेडिएटर बाजूला उभा लागतो, त्यामुळे कार्डाची लांबी खातच नाही. कार्डाला ४२६ मिमी.

रात्रपाळी
ही भारी आहे. हीच मागवतो.

स्क्रू_हरवला
थांबा. रुंदी २८५ मिमी. तुमचा कप्पा २८०.

रात्रपाळी
🤦

काचमहाल
जुनी ओ११ डायनॅमिक २७२ रुंद आणि ४४६ उंच आहे. ती जाईल.

स्क्रू_हरवला
जाईल, पण तिच्यात कूलरला १५५ मिमीच जागा, म्हणजे बोर्डापासून बाजूच्या काचेपर्यंत तेवढंच अंतर. ४०९० ची ही कार्डं आडवीही धिप्पाड असतात. त्यात १६ पिनची पॉवर केबल प्लगपासून निदान ३५ मिमी सरळ ठेवा म्हणतात. काच लावताना ती दाबली जाईल. या कार्डांचे प्लग वितळल्याच्या बातम्या २०२२ पासून येतायत, तिथे जोरजबरदस्ती नको. कप्पा मागून उघडा आहे का?

रात्रपाळी
नाही, फळी आहे. वायरींपुरतं भोक.

शून्य_डेसिबल
मग केस कुठलीही घ्या, भट्टीच होणार. नुसतं कार्ड ४५० वॅटपर्यंत खातं. बाहेर टाकलेली गरम हवा फळीवर आपटून पुढून परत आत येईल. यात मात्र एअर कूलरही वाचवणार नाही.

झुळूक
पहिल्यांदाच शून्य_डेसिबल यांच्याशी सहमत. +१

रात्रपाळी
ठीक, कप्प्याचा नाद सोडला. टेबलाच्या उजव्या अंगाला जमिनीवर ६५ सेंमी रुंद मोकळी जागा आहे, डोक्यावर काही नाही. ७०००डी मागवली, रेडिएटर वर लावतो. आधीची केस उद्या परत.

हत्ती_टॉवर
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

स्क्रू_हरवला
तुम्ही जागा न विचारता सांगितलं होतं. लागला नेम. रात्रपाळी, परत करायच्या केसची काच आत्ता कुठे आहे? टेम्पर्ड काच फरशीवर टेकवू नका, कडेला बारीकसा टोला बसला तरी अख्खी चुरा होते.

रात्रपाळी
फरशीवरच आहे. उचलतो.

जुनाट_पेंटियम
म्हणून म्हणतो, पत्रा बरा. आणि सीडी ड्राइव्ह यूएसबीचाही मिळतो हं.