मदत हवी आहे : दसऱ्याची तारीख ठरलीय, प्लॅन बसत नाही

नमस्कार मंडळी,
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीला लागून मशीन शॉपची नवी शेड व्हायची आहे. प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलंय, आणि मी पडलो मेकॅनिकलवाला. पाया, स्ट्रक्चर, पत्रे, मशीनचं फाउंडेशन, वीज अशी कामं फोडून एक्सेलमध्ये गँट चार्ट (कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) केला. दिसतो झकास! पण कुठलं काम लांबलं की शेवटची तारीख हलते, ते त्यात कळेना. म्हणून क्रिटिकल पाथ काढला, म्हणजे ज्यातलं एक जरी काम लांबलं तरी शेवटची तारीख लांबते, ती कामांची साखळी. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँटमध्ये कारखान्यांच्याच कामासाठी ही पद्धत उभी राहिली, म्हणजे आपल्याला लागू पडायला हरकत नाही.

घोळ असा, की मालकांनी पूजा दसऱ्याला ठरवून टाकलीय. तिथून मागं मोजत आलो तर फ्लोट (काम किती दिवस लांबलं तरी चालेल, ती सवड) उणे येतोय, म्हणजे दिवसच कमी पडतायत. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. मशीन ठेवायला तेवढं थांबायलाच हवं का? आणि हे थांबणं वेगळं काम म्हणून दाखवू, की दोन कामांमधला लॅग (नुसता थांबायचा काळ) म्हणून?

दुसरं, पाऊस. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, त्यामुळे बफर (राखीव दिवस) ठेवणार हे नक्की. तो प्रत्येक कामात थोडा थोडा ठेवू, की शेवटी एकगठ्ठा? थोडा थोडा दिला तर ठेकेदार तो आरामात खाणार, अशी माझी खात्री आहे. पण शेवटी ठेवला तर मालक पहिला तोच कापतील.

कुणी अशी शेड चालू कारखान्यात उभी केली असेल तर सांगा, मालकांना प्लॅन नेमका काय दाखवायचा?