क्लच रोज उघडा, डिफला उगाच हात लावू नका: पटतं का?

धुरळा
१/८ नायट्रो बग्गीच्या (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराच्या, नायट्रो इंधनावर चालणाऱ्या रिमोट कंट्रोल गाडीच्या) देखभालीत आपला वेळ चुकीच्या जागी जातो, असं माझं ठाम मत आहे. गाडी धावून आली की लोक हौसेने पुढचा, मधला, मागचा असे तिन्ही डिफ (डिफरन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) खोलतात, ऑइल बदलतात. क्लचची बेल (बाहेरची दातेरी वाटी) मात्र बोटाने फिरवून बघतात आणि सोडून देतात. खरं तर क्लच दिवसाच्या शेवटी दर वेळी उघडायला हवा आणि डिफ लक्षण दिसेपर्यंत बंद राहायला हवा.

बेलमधली ५×१०×४ ची दोन बेअरिंगं बघा. क्लच पूर्ण पकडला की बेल आणि क्रँक एकत्र फिरतात, तेव्हा बेअरिंग जागच्या जागी असतं. ते फिरतं आयडलला (गॅस सोडलेला असताना) आणि शू (बेलला आतून पकडणारे तुकडे) घसरत असताना, म्हणजे नेमकं सगळ्यात जास्त तापतं तेव्हाच. वरून शूची भुकटी पडत असते. ते जाम झालं की स्प्रिंग कितीही चांगल्या असल्या तरी बेल क्रँकबरोबर फिरणारच. मग गाडी आयडलवर सरकते, ब्रेक मारला की इंजिन बंद पडतं, आणि माणूस कार्बोरेटरच्या सुया फिरवत बसतो.

उघडल्यावर काय बघायचं: स्प्रिंगचा पाय तुटलाय का, बेलच्या आत गोल चर पडलाय का, पिनवर शूचं भोक लांबट झालंय का, आणि बेअरिंगवर निळसर झाक आहे का. झाक दिसली तर धुऊन पुन्हा वापरू नका, नवीन टाका. शिम (खेळ जुळवायचे पातळ वॉशर) ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने टेबलावर मांडा. परत बसवल्यावर बेलला साधारण ०.२ मिमी पुढेमागे खेळ हवा. तो तपासताना फ्लायव्हील एका हाताने घट्ट धरा, नाहीतर क्रँकचा स्वतःचा खेळ बेलचा समजून जादा शिम घालाल. खेळ शून्य ठेवला तर तापल्यावर बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि ते एका दिवसात संपतं.

डिफमध्ये असलं काही रोज बिघडत नाही. उलट दर उघडण्याला गॅस्केट दबतं, स्क्रूची डोकी झिजतात आणि ऑइलची पातळी बदलते. डाव्या-उजव्या वळणात एकसारखी वागणारी गाडी आपल्याच हाताने बिघडते.

शिमवाला
क्लचबद्दल वाद नाही. डिफबद्दल मात्र तुम्ही दोन वेगळी कामं एकात घातलीत. डिफ गिअरबॉक्समधून *काढणं* वेगळं आणि डिफ *उघडणं* वेगळं.

पुढच्या-मागच्या गिअरबॉक्समध्ये आधी मरतं ते पिनियनचं, म्हणजे डिफवरच्या मोठ्या क्राउन गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं, बेअरिंग. ते ढिलं झालं की पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो, दात फक्त टोकावर लागतात आणि उडी मारली की एका झटक्यात साफ होतात. याचं लक्षण दिसतं तेव्हा क्राउन आणि पिनियन दोन्ही गेलेले असतात. म्हणून डिफ काढून बेअरिंगं बोटाने फिरवून बघणं दर दोन-तीन दिवसांच्या धावण्यानंतर हवंच. यात ऑइलला हात लागत नाही.

आता आतलं ऑइल. ते हळूहळू करडं होतं, गिअरची धातूची धूळ त्यात मिसळते आणि ते पातळ पडत जातं. हे इतकं सावकाश होतं की चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. लक्षणाची वाट बघितली तर लक्षण कधी दिसतच नाही, गाडी नुसती 'आज जमत नाहीये' एवढंच वाटतं. म्हणून मोजमाप इंधनावर ठेवा. टाकी १२५ सीसीची. ४ लिटर म्हणजे ३२ टाक्या. एका टाकीला ९ मिनिटं धरली तर पावणेपाच तासांच्या आसपास. पुढचा-मागचा डिफ ४ लिटरला आणि मधला २ लिटरला उघडावा.

धुरळा
काढण्याचा मुद्दा मान्य, बेअरिंग बघायलाच हवीत. पण मधला २ लिटरला? ७००० चं ऑइल (आकडा जाडपणाचा) भरताना दोन वेळच्या भरण्यात दोन-तीन थेंबांचा फरक पडला तरी ट्रॅकवर कळतो. शिवाय कंपनी बदलली की एकाचं ७००० आणि दुसऱ्याचं ७००० हाताला सारखं लागत नाही.

शिमवाला
तो फरक भरण्याच्या पद्धतीचा आहे, उघडण्याचा नाही. रिकामा डिफ ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवा, काटा शून्य करा. आडव्या पिना जेमतेम बुडेपर्यंत ऑइल घाला, आउटड्राइव्ह (डिफमधून बाहेर आलेली फिरती टोकं) सावकाश फिरवा आणि बुडबुडे वर येऊ द्या. जाड ऑइलला यात तास-दीड तास सहज जातो, घाई करू नका. मग पुन्हा पातळी आणि वजन बघून आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी डोळ्याने न भरता त्या आकड्याला भरा. ऑइल एकाच कंपनीचं ठेवा.

काठोकाठ भरायचं नाही. सिलिकॉन ऑइल ५० अंशांनी तापलं तर जवळपास ५ टक्के फुगतं. वर जागा नसेल तर ते ओ-रिंगमधून वाट काढतं. आणि मधल्या डिफच्या आउटड्राइव्हला लागूनच ब्रेकच्या चकत्या असतात. तिथून गळलेलं ऑइल थेट चकत्यांवर. ब्रेक लागत नाही म्हणून लोक सर्व्होचा लिंकेज आवळतात आणि दोष असतो एका ओ-रिंगचा. ओ-रिंग सिलिकॉन रबराची घेऊ नका, सिलिकॉन ऑइलमध्ये ती फुगते. नायट्राइलची घ्या.

पिटलेन
मला उलट क्लच रोज उघडणंच पटत नाही. इंजिन काढलं की मेश, म्हणजे बेलचे दात आणि मधल्या डिफवरच्या मोठ्या गिअरचे (स्परचे) दात यांची जुळणी, गेला. संध्याकाळी थकल्या हाताने परत बसवताना तो घट्ट लागतो, आणि घट्ट मेश बेलच्या बेअरिंगला धुळीपेक्षा लवकर मारतो. इंजिन बंद असताना स्पर हाताने फिरवा. क्लच सुटलेला असतो, बेल क्रँकवर मोकळी फिरायला हवी. खरखर लागली तरच उघडा.

माझ्या मते खरा निर्णय शू आणि स्प्रिंगचा आहे. १.० मिमीच्या स्प्रिंगवरून १.१ वर गेलात की क्लच उशिरा पकडतो, सुटताना जोर मिळतो, पण घसरणं वाढतं आणि उष्णताही. ०.९ ला लवकर पकडतो, बेल थंड राहते, पण कमी आरपीएमला इंजिन दबतं. निसरड्या मातीवर १.१ लावून रोज बेअरिंग बदलण्यापेक्षा १.० लावा. ॲल्युमिनियमचे शू जड, त्यामुळे जोरात पकडतात आणि बेल खातात. कार्बनचे हलके आणि मऊ.

धुरळा
स्पर फिरवून कळत नाही. मधला डिफ, दोन्ही गिअरबॉक्स, चारही चाकं एवढं ओझं हाताला लागत असतं, त्यात बेअरिंगची बारीक खरखर बुडून जाते. बेल सुटी हातात घेऊन बोटावर फिरवली तरच कळते. मेश पुन्हा लावणं हे दोन मिनिटांचं काम आहे. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा, तिथे केसभर खेळ ठेवा, मग स्क्रू आवळा. आवळल्यावर परत एक फेरा, कारण आवळताना इंजिन सरकतं. स्प्रिंगबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे.

तांबडीमाती
कोकणातल्या जांभ्याच्या मातीत दोघांचंही वेळापत्रक अपुरं पडतं. ती धूळ मैद्यासारखी बारीक, पावसानंतर चिकट. बेअरिंगला बाहेरून तेल सोडलं की धूळ तिथेच बसते. म्हणून रबरी सील असलेलीच घ्या. बाहेर धुऊन घेतलीत तर सील काढून आत एक थेंब, आणि बाहेरचा भाग कोरडा पुसा.

क्राउन-पिनियनबद्दल एक राहिलंय. नवी जोडी बसवल्यावर दोन-तीन टाक्यांनी परत उघडून शिम बघा. नवे दात बसतात आणि खेळ वाढतो. डिफच्या १३×१६ च्या शिम एका बाजूच्या काढून दुसऱ्या बाजूला टाकल्या की क्राउन पिनियनजवळ येतो. ०.१ मिमीचा फरकही हाताला कळतो. पूर्ण फेऱ्यात कुठेही अडता कामा नये.

आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर असेल तर मधल्या डिफला ७००० ऐवजी १०००० टाकून बघा. गॅस देताना पुढची चाकं जादा वेगाने फिरून त्यांचे टायर फुगत असतील तर लगेच फरक दिसतो.

धुरळा
पुढची चाकं फुगणं हेच तर लक्षण. मधल्या डिफला तेवढं दिसतं, म्हणून तो मी तेव्हाच उघडतो. पुढच्या-मागच्याबाबत शिमवालांचा ४ लिटरचा आकडा धरायला हरकत नाही.

शिमवाला
फुगणं दिसेपर्यंत ७००० चं बरंच पातळ झालेलं असतं आणि तोवरच्या सगळ्या फेऱ्या वाया. मधला २ लिटरलाच.