खिशातला बहुउपयोगी चाकू: आपण कोणता घेतला आणि खरोखर कशासाठी वापरला?

धागाकर्ता, एरंडवणे

माझ्या भाच्याने पहिल्या पगारातून एक बहुउपयोगी चाकू घ्यायचे ठरवले आणि ‘मामा, कोणता घेऊ?’ असे विचारले. उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले की मला फक्त माझ्याच चाकूविषयी खात्रीने बोलता येते. माझ्याकडे चौदा वर्षांपासून व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा हंट्समन नावाचा चाकू आहे. मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब, वजनाला शंभर ग्रॅमच्या किंचित आत. मोठे पाते, लहान पाते, करवत, कात्री, डबा उघडणी, बाटली उघडणी, टोच्या, मागचा आकडा, बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री खिळा, आणि मुठीत खोचलेले चिमटा व दातकोरणी. त्यातले रोज काय उघडतो याचे प्रामाणिक उत्तर ‘कात्री’ असे आहे. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, शर्टाचा लोंबणारा दोरा यांसाठी पाते कोणी उघडत नाही. करवत वर्षातून दोनदा, तीही ताम्हिणीच्या बाजूला तंबू ठोकताना वाळकी काटकी कापायला.

जाणकारांना विनंती अशी की, निदान एक वर्ष वापरलेल्या वस्तूविषयीच लिहावे आणि तिच्यात काय काय आहे यापेक्षा आपण काय काय उघडले ते सांगावे.

निवृत्त फिटर, भोसरी

आपण कात्रीचे नाव घेतलेत, मी पकडीचे घेईन. मुलाने दहा वर्षांपूर्वी परदेशातून लेदरमन कंपनीचा वेव्ह, म्हणजे मुठीत पाती आणि पेचकस मिटवलेली पकड, आणून दिला, तेव्हा मला ते खेळणे वाटले होते; आज तो कमरेच्या पट्ट्यावर नसला तर घराबाहेर पडल्यावर काहीतरी विसरल्यासारखे होते. याच्या जन्माची कथा मला आवडते. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन अभियंता १९७५ मध्ये एका जुन्या फियाट गाडीतून युरोपभर फिरत होता, गाडी सारखी बिघडत होती, हॉटेलांचे नळ गळत होते, आणि त्याच्या खिशातल्या चाकूला सगळे होते, फक्त पकड नव्हती. पेटंट मिळायला १९८० उजाडले आणि पहिला नग विकला गेला १९८३ मध्ये. म्हणजे स्विस चाकूची सुरुवात पात्यापासून झाली आणि याची पकडीपासून, हा फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. दुचाकीच्या क्लचच्या तारेचे निसटलेले टोक ओढून धरायला, गळक्या नळाची चकती काढायला, कॅम्पवर चुलीवरचा टोप उतरवायला पकडच लागते. आमच्या घरात स्वयंपाकाच्या आणि कामाच्या अशा दोन्ही पकडींना एकच शब्द आहे, आणि सौभाग्यवतींनी ही एकच वस्तू दोन्हींसाठी वापरली आहे.

उणीवही सांगतो. आताच्या वेव्ह प्लसचे वजन २४१ ग्रॅम आहे. तेवढे वजन खिशात ठेवले तर विजार खाली ओढली जाते, म्हणून पट्टा आणि खोळ आलीच. शिवाय बहुउपयोगी हत्यार हे कधीच खऱ्या हत्याराच्या तोडीचे नसते. त्याचा पेचकस आखूड असतो, मूठ मध्यरेषेवर नसते, त्यामुळे घट्ट स्क्रूला जोर लावला की टोक घसरते. ज्याला रोज दहा स्क्रू काढायचे आहेत त्याने रविवार पेठेत जाऊन चांगले पेचकस घ्यावेत. हे हत्यार, पेचकसांचा डबा घरी राहिला असेल त्या दिवसासाठी आहे.

एक चूकही कबूल करतो. रंगाच्या डब्याचे झाकण मी पात्याच्या टोकाने उचकटले आणि टोक तुटले. पाते हे कापण्यासाठी असते, ती पहार नव्हे, असे शिकाऊ मुलांना चाळीस वर्षे सांगत आलो आणि स्वतः तेच केले. टोक ग्राइंडरवर परत काढले, पण दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवून. कारण पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते आणि मग धार किती का लावा, ती टिकत नाही.

सहकारनगर

कुलूप नसलेले पाते टोचण्यासाठी वापरू नये. पवना धरणाकाठी प्लास्टिकच्या कॅनला भोक पाडताना पाते माझ्या तर्जनीवर मिटले आणि तीन टाके पडले. ९१ मिलिमीटरच्या स्विस चाकूंत पाते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभे असते. १११ मिलिमीटरच्या मालिकेत ते उघडल्यावर अडकते, आणि वेव्हमध्येही अडकते. मी आता अडकणारेच वापरतो.

मुलांची शिबिरे घेणारी, कोथरूड

वर लिहिणाऱ्या दादांच्या टाक्यांवरून आमच्या शिबिरातला नियम आठवला. चाकू उघडण्यापूर्वी मिटलेला चाकू हातात धरून हात पुढे ताणायचा आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची; हात कोणाला लागला तर चाकू उघडायचा नाही. दहा वर्षांची मुले हा नियम मोठ्यांपेक्षा चोख पाळतात, हा माझा अनुभव आहे. लहानांसाठी गोल टोकाचे पाते असलेला स्विस चाकू मिळतो, त्याने फळ आणि दोरी कापता येते. पहिला चाकू म्हणून मी तोच सुचवते. आणि जंगलात गेल्यावर जिवंत फांदीला हात लावायचा नाही, हे चाकू देण्याआधी सांगावे लागते, दिल्यानंतर नाही. करवत पाहिली की मुलांना झाड दिसते.

माझ्या स्वतःच्या चाकूतली सर्वाधिक कामी आलेली गोष्ट म्हणजे तो बारीकसा चिमटा. करवंदीच्या जाळीतून उतरल्यावर वीस मुलांच्या पंजांतले काटे काढायचे असतील तेव्हा कात्री, पकड, पाते सगळे मागे पडते. चिमटा हरवतो मात्र फार, म्हणून मी त्याच्या डोक्याला लाल दोरा बांधून ठेवला आहे.

तेलाविषयी एक अनुभव. सांध्यांत तेल सोडावे असे वाचले आणि घरात हाताशी होते ते खोबरेल सोडले. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे चहासाठी दुधाची पावडर उघडायला गेले तर एकही पाते नखाने हलेना. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठते, हे केसांना लावताना दर थंडीत पाहणाऱ्या बाईला चाकूच्या बाबतीत सुचू नये, याचे मला अजून हसू येते. तेव्हापासून कोमट साबणपाण्यात चाकू बुडवून सगळी पाती उघडमीट करते, खिशातला कापूस आणि धूळ निघून जाते, पूर्ण वाळवते आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडते. पावसाळी ट्रेकनंतर हे त्याच रात्री करावे लागते, कारण न गंजणारे पोलाद हे ‘कमी गंजणारे’ असते, आणि कोकणात समुद्रकाठी दोन दिवस राहून आल्यावर तर त्याची खात्रीच पटते.

खराडी

किल्ल्यांच्या जुडग्यात मी व्हिक्टोरिनॉक्सचा क्लासिक ठेवत असे. लांबी ५८ मिलिमीटर, वजन एकवीस ग्रॅम. लहान पाते, कात्री, कानस, चिमटा. इतका हलका की खिशात आहे हे विसरायला होते, आणि तेच नडले. लोहगावच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत जुडगा ट्रेमध्ये ठेवला तेव्हा मला आठवले, सामान तर आधीच पुढे गेले होते. तपासणारा अधिकारी सौजन्याने वागला, पण चाकू डब्यात टाकावा लागला. दुसऱ्यांदा तसेच झाल्यावर मी पाते नसलेले लहान लेदरमन घेतले, त्यात पकड आणि कात्री आहे. तरीही आता प्रवासाच्या आदल्या रात्री जुडगा रिकामा करून दाराशी ठेवलेल्या डबीत टाकतो. धारदार वस्तू न्यायची असेल तर ती चेक-इन सामानात, गुंडाळून. मॉलच्या दारावरही बॅग उघडायला लावतात तेव्हा मोठा चाकू सोबत नसलेलाच बरा.

वकील, शिवाजीनगर

फिटर काकांनी ‘हत्यार’ हा शब्द कारखान्यातल्या अर्थाने वापरला. पोलीस चौकीत तो वेगळ्या अर्थाने ऐकला जातो, म्हणून थोडे लिहिते. शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. येथे चर्चेत असलेल्या चाकूंची पाती त्याच्या निम्म्यानेही भरत नाहीत. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात सुऱ्यांचाही समावेश असू शकतो. तेव्हा मिरवणूक, सभा, मोर्चा अशा ठिकाणी तो घरी ठेवावा, आणि ट्रेकला नेताना सॅकच्या आत ठेवावा. कमरेला लटकवून शहरभर फिरण्यात शोभाही नाही.

नारायण पेठ

स्वस्तात मिळतो म्हणून एका दुकानातून ‘स्विस’ चाकू घेतला. चार महिन्यांत कात्रीची स्प्रिंग तुटली आणि लाल मुठीचा पत्रा उचकटला. पुढे खरा हातात आला तेव्हा फरक कळला. खऱ्याच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव आणि स्वित्झर्लंडचा उल्लेख स्वच्छ कोरलेला असतो, आणि मिटलेला चाकू उजेडासमोर धरला तर थरांमधून प्रकाश येत नाही. माझ्या पहिल्या चाकूतून मला समोरची खिडकी दिसत होती.

फिटर काकांना एक भर: कार्ल एल्सेनर या कारागिराने स्विस सैन्याला सैनिकी चाकू पुरवायला १८९१ मध्ये सुरुवात केली आणि आज सगळ्यांना ठाऊक असलेला, कात्री वगैरे जोडता येईल असा हलका अधिकारी चाकू १८९७ मध्ये नोंदवला गेला. न गंजणारे पोलाद आल्यावर १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ या आईच्या नावाला अशा पोलादाचे ‘इनॉक्स’ हे नाव जोडून कंपनीचे आजचे नाव तयार झाले.

धागाकर्ता, एरंडवणे

सर्वांचे आभार. वाद टाळण्यासाठी मी भाच्याला माझा हंट्समन एक महिना वापरायला दिला आणि काय उघडले ते मोबाइलमध्ये लिहून ठेवायला सांगितले. कात्री सतरा वेळा, मोठे पाते अकरा वेळा, त्यातले बहुतेक पेरूसाठी. डबा उघडणीचे निमुळते टोक चार वेळा, कारण ते फुलीच्या खाचेच्या स्क्रूलाही बसते, हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हते. मळसूत्री खिळा एकदा, राजगडाच्या पद्मावती माचीवर तंबूच्या ओल्या दोरीची आवळलेली गाठ सोडवायला. करवत एकदाही नाही. हंट्समनमधून करवत वगळली की उरतो तो क्लाइंबर, पंधरा ग्रॅमने हलका. त्याने तोच मागवला आहे. माझा हंट्समन मात्र त्याने अजून परत केलेला नाही.